मिल्ड्युरातली द्वितीया-चतुर्थी

ऑस्ट्रेलियात मला एकच काम होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेही तुर्की भाषेत. बाकी सगळं, म्हणजे विमान, व्हिसा, गाडी, जेवणखाण, मुलगा बघणार होता. तरी परत आल्यापासून तासगावात जो भेटतो तो विचारतो, "सर, कांगारू बघितला का?" बघितला. महामार्गाच्या कडेला, गाडीची धडक बसून पडलेला. त्याच्याविषयी आणखी काही सांगण्यासारखं नाही. वाक्याविषयी मात्र आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मी मराठीचा शिक्षक. सगळी नोकरी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घेण्यात गेली. निवृत्त झालो तरी खोड गेलेली नाही. दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की मी आत जाऊन सांगतो, आणि मग काही विकत न घेता बाहेर येतो, म्हणून तासगावच्या बाजारपेठेत माझ्याविषयी फारसं चांगलं मत नाही.

आमचा एकुलता एक मुलगा अनिकेत शिकायला मेलबर्नला गेला, तिथेच नोकरीला लागला, तिथलाच कायमचा रहिवासी झाला. परत कधी येणार असं विचारलं की "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचा. आम्ही वरची खोली रंगवून ठेवली होती. रंग जुना झाला, पुन्हा रंगवली. मग एक दिवस त्याचा फोन आला. "बाबा, मी लग्न करतोय. मुलीचं नाव एलिफ. तुर्की आहे."

माझी बायको शैला हिने पहिला प्रश्न विचारला, "स्वभावाला कशी आहे?" मी विचारलं, "तुर्कीत विभक्ती किती?" हे शैलाने मला अजून माफ केलेलं नाही.

खरं सांगायचं तर धर्माची, जातीची, देशाची मला काळजी नव्हती. आम्ही बौद्ध, माणूस बघून माणसाची किंमत करावी अशा घरात वाढलेलो. पण पोरगा आता परत येत नाही, हे त्या फोनने पक्कं झालं. "आमचा अनिकेत" म्हणायची जिभेला सवय होती, आणि ते दोन शब्द कुणीतरी काढून घेतंय असं वाटत होतं. ते मी कुणाला बोललो नाही. व्याकरणाचंच बोलत राहिलो. पुढचे काही महिने एलिफच्या आईशी फोनवर बोलणं व्हायचं, मधे एलिफ भाषांतराला, तेव्हाही माझ्या तोंडी "आमचा अनिकेत"च यायचं.

ग्लेन वेव्हर्ली

मेलबर्नमध्ये ट्रेनची एक लाइन जिथे संपते तिथे हे उपनगर आहे. ट्रेन असूनही बहुतेक लोक गाडीनेच फिरतात. भर दिवसा फुटपाथवर चालताना दिसतात ती आमच्यासारखी, मुलांकडे राहायला आलेली म्हातारी माणसं. एक चिनी आजोबा मला रोज भेटायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे फार छान पटलं.

एलिफची पहिली भेट विमानतळावरच झाली होती. उंच, अनिकेतकडून शिकलेलं मराठी भरभर बोलणारी, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. "बाबा!" म्हणत ती पुढे आली आणि तिने माझा उजवा हात धरून वर उचलला. वडीलधाऱ्याच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावायचा, हा त्यांचा नमस्कार. मला काय ठाऊक! मला वाटलं नाडी बघतेय, म्हणून मी "काही नाही, प्रवासाने जरा दमलोय" म्हणत हात झटकला, तो बोटांची गाठ तिच्या नाकावर बसली. सुनेशी पहिली भेट आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी. शैला म्हणाली, "अहो, आल्या आल्या?"

पण पोरगी गोड. मला बाबा म्हणायची ते मराठीत की तुर्कीत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तुर्कीतही वडिलांना बाबाच म्हणतात.

एलिफचे आईवडील मिल्ड्युराला राहतात, मेलबर्नहून गाडीने दिवसभराच्या अंतरावर. तिथे त्यांचा द्राक्षमळा आहे. त्यांच्याकडे रीत अशी, की मुलाकडच्या वडील माणसाने मुलीच्या घरी जाऊन, सगळ्यांसमोर, ठरलेल्या शब्दांत मुलगी मागायची. एलिफ म्हणाली, "बाबा, इंग्लिशमध्ये बोला ना. डॅडचं इंग्लिश एकदम ऑझी आहे. नो वरीज."

मी म्हटलं, "इंग्रजीत रजेचा अर्ज करावा. मुलगी कशी मागणार?"

तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी शिकवणी सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या विद्यार्थ्याच्या बाजूला बसलो.

एव म्हणजे घर. एविम म्हणजे माझं घर. एविमिझ, आमचं घर. एविमिझदे, आमच्या घरात. एविमिझदेन, आमच्या घरातून. एविमिझदेकिलेरे, आमच्या घरातल्यांना. एकाला एक जोडत जायचं. मला भरून आलं. मी तिला सांगितलं, "अगं, आमचंही असंच! घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा!" तिला वाटलं मी रागावलो.

त्यांच्या प्रत्ययांची एक गंमत आहे. शब्दात जसा स्वर असेल तसा प्रत्यय आपला स्वर बदलून घेतो. घराला इमिझ, तर मुलाला उमुझ आणि मुलीला अमझ असं काहीतरी. नव्या घरात गेलेल्या माणसाने तिथल्यासारखं वागावं तसं. आणि मालकी सांगायची तर एकदा सांगून त्यांचं भागत नाही. एलिफिन आन्नेसी म्हणजे एलिफची आई, पण शब्दशः "एलिफची आई-तिची". दोन्ही टोकांना गाठ. सुटायची भीतीच नको.

मुलाला ओऊल म्हणतात, पण आमचा मुलगा म्हणताना ओलुमुझ. मधला उ गळतो. मुलगी मात्र कझ, ती कझनझ म्हणजे तुमची मुलगी झाली तरी जशीच्या तशी. मी शैलाला म्हटलं, "बघ, प्रत्यय लागला की मुलगा तेवढा बदलतो. मुलगी आहे तशी राहते."

"ते लग्नानंतरचं व्याकरण आहे," शैला म्हणाली.

तर ते वाक्य असं होतं: कझनझ एलिफ-इ ओलुमुझ अनिकेत-ए इस्तियोरुझ. तुमची मुलगी एलिफ, आमच्या मुलासाठी, अनिकेतसाठी, आम्ही मागतो. त्याच्या आधी देवाच्या आज्ञेने वगैरे एक तुकडा असतो. मी एलिफला म्हटलं, "बाई, आम्ही बौद्ध. देवाच्या आज्ञेचा हवाला मी कसा देणार?" तिने वडिलांना फोन लावला. हसनभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तेवढं मी मनात म्हणेन, तुम्ही पुढचं म्हणा. फोनवर एवढं सरळ बोलणारा माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

सगळा जीव त्या दोन बारीक स्वरांत होता. जिला मागायचं तिला इ. ज्याच्यासाठी मागायचं त्याला ए. द्वितीया आणि चतुर्थी. आता ज्यांनी माझ्यासारख्याच्या हातची छडी खाल्ली आहे त्यांना आठवत असेल, मराठीत या दोन विभक्तींचे प्रत्यय एकच आहेत. मी गणूला हाक मारली, मी गणूला पेरू दिला. पहिल्या गणूची द्वितीया, दुसऱ्या गणूची चतुर्थी, ला तोच. "अर्थावरून ओळखा," असं मी वर्गात सांगत आलो. तुर्की माणूस अर्थावर काही सोडत नाही.

त्यात आणखी एक खोच. मराठीत ई लागला की आपण कुठेतरी पोचतो. घरी, दारी, शेजारी. सप्तमी. एलिफ पोचणार होती अनिकेतकडे, म्हणून माझी जीभ सारखी अनिकेतला इ लावायला धावायची. तुर्कीत पोचायचं तिथे ए. घरी म्हणजे एवे.

"अनिकेत-ए, बाबा. ए!" एलिफ म्हणायची.

"ए लावला की आमच्याकडे हाक मारल्यासारखं होतं. ए अनिकेत!"

"काय?" आतून अनिकेत ओरडायचा.

तो शिफ्टला निघालेला असायचा. त्याचं मराठी ऐकून मला वेगळाच ताप, दुपारला तो तिथल्यासारखं अर्वो म्हणायचा. "बाबा, अर्वोला येतो. लंच फ्रिजमध्ये आहे, मायक्रोवेव्हला लावा."

"मायक्रोवेव्हला नाही, मायक्रोवेव्हमध्ये."

"नो वरीज, बाबा." आणि दार बंद.

मी ते वाक्य फुटपाथवर म्हणायचो, आंघोळ करताना म्हणायचो, सुपरमार्केटच्या रांगेत म्हणायचो. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी मला आपली जागा दिली. बहुधा मी देवाचं काही म्हणतोय असं त्यांना वाटलं.

ओयेनच्या वाटेवर

मिल्ड्युराच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळाने झाडं संपली. मग गव्हाची कापलेली रानं, मग तांबडी माती, आणि त्या मातीत गुडघ्याएवढी खुरटी झाडी, नजर पोचेल तिथपर्यंत. मधूनच धान्याची एखादी उंच कोठी दिसते आणि तिच्यावर कुणीतरी आभाळाएवढं चित्र काढून ठेवलेलं असतं. माणूस दिसत नाही. आपल्याकडे एवढ्या अंतरात चार तालुके, सहा आमदार आणि चहाच्या असंख्य टपऱ्या झाल्या असत्या.

ओयेन नावाच्या गावात चहाला थांबलो. तिथे व्हॅनिला स्लाईस नावाचा पदार्थ प्रसिद्ध आहे. दोन खुसखुशीत पापुद्र्यांच्या मधे घट्ट पिवळं कस्टर्ड. तो चावला की वरचा पापुद्रा दाबला जातो आणि मधलं सगळं मागच्या बाजूने बाहेर येतं. माझं शर्टावर आलं. मुलगी मागायला निघालेल्या माणसाच्या, इस्त्रीच्या, पांढऱ्या शर्टावर. गावात उघडं असलेल्या एकाच दुकानात माझ्या मापाचा एकच शर्ट मिळाला. त्यावर मासा होता आणि माशाने गॉगल घातला होता.

"बाबा, मस्त दिसताय," अनिकेत म्हणाला.

शैला खिडकीबाहेर बघत राहिली. माशाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

मिल्ड्युरा

गावात शिरलो आणि मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला द्राक्षबाग, आणि बागेच्या पलीकडे जाळीचे मजल्यामजल्यांचे मांडव, त्यांवर हिरवी-सोनेरी द्राक्षं वाळत घातलेली. बेदाणा! मी तासगावचा माणूस. बेदाण्याचा हंगाम आला की माझा अर्धा वर्ग गैरहजर असायचा, आणि जे यायचे त्यांच्या अंगाला द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलचा वास असायचा. तोच वास मिल्ड्युराच्या वाऱ्यावर आला. समुद्रापलीकडे एवढं लांब येऊन मी शाळेच्या पटांगणात उभा होतो.

हसनभाई फाटकात उभे होते. जाड मिश्या, उन्हाने रापलेला चेहरा, अर्धी चड्डी. माझ्या शर्टाकडे बघून म्हणाले, "गुड शर्ट, मेट." त्यांना खरोखरच आवडला होता. मी त्यांना मांडवाकडे बोट दाखवून विचारलं, "पोटॅश आणि तेल?" त्यांचे डोळे एकदम चमकले. पुढचा तासभर आम्ही द्राक्षं कधी बुडवायची, ढग आले तर काय करायचं, रंग काळा का पडतो, यावर बोललो. मुलामुलीचं लग्न आहे हे दोघेही विसरलो होतो.

आत शैला आणि एलिफची आई नेर्मिन स्वयंपाकघरात. नेर्मिनला इंग्रजी जेमतेम येतं, आणि त्यात तो-ती नाही, कारण तुर्कीत लिंगच नाही. "माय एलिफ, ही इज टायर्ड," असं लेकीविषयी सांगायची. शैलाचं इंग्रजीही त्याच बेताचं. मी काळजीने डोकावलो. दोघी द्राक्षाची पानं पसरून त्यांत भात-खिमा भरत होत्या, आणि शैला अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करून दाखवत होती.

"शेकेर?" नेर्मिन चहाचा ग्लास पुढे करत म्हणाली.

"साखर! नको, कमी," शैला म्हणाली.

"पेनिर?"

"पनीर! चालेल."

"हावा... उफ!"

"हो ना, काय हवा ही, उफ!"

ना प्रत्यय, ना क्रियापद, ना काळ. दोघी पोटभर बोलत होत्या. मी एवढी विभक्ती पाठ करून दाराशी उभा, आणि मला कुणी विचारेना.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. विहीण आणि व्याही यांना तुर्कीत शब्द आहे, द्युन्युर. इंग्रजीत नाही. अनिकेत इतके दिवस मला "एलिफची मॉम" म्हणून सांगत होता. ज्या भाषेत विहिणीला नावच नाही त्या भाषेत मागणं घालायला मी नकार दिला होता, ते बरोबरच होतं.

कॉफी

संध्याकाळी सगळे बैठकीच्या खोलीत जमलो. एलिफने छोट्या छोट्या पेल्यांत कॉफी आणली. सगळ्यांना दिली आणि अनिकेतला त्याची वेगळी दिली. मी अनिकेतकडे बघत होतो. त्याने एक घोट घेतला. मग दुसरा. मग मोठा तिसरा. पोराच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ओठ थरथरले. त्याने मान खाली घातली.

माझं पोर रडतंय, असं मला दिसलं. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा रडलं नाही, विमानतळावर आम्हाला सोडून गेलं तेव्हा रडलं नाही, आणि आज आईबाप मागणं घालायला बसलेत हे बघून रडतंय. म्हणजे याला आमचं काहीतरी आहे. खोली धूसर झाली.

नवऱ्या मुलाच्या कॉफीत मूठभर मीठ घालायचं आणि त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची, ही तिकडची रीत आहे. ही गोष्ट मला सोडून त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होती. शैलालासुद्धा. तिला नेर्मिनने प्रत्ययांशिवाय सांगितली होती.

हसनभाईंनी पेला खाली ठेवला, डोळे मिटून मनात काहीतरी म्हटलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभा राहिलो. छातीवरचा मासाही उभा राहिला. आणि भरल्या डोळ्यांनी, खणखणीत आवाजात म्हणालो:

"कझनझ एलिफ-ए ओलुमुझ अनिकेत-इ इस्तियोरुझ!"

एलिफने दोन्ही हात तोंडावर घेतले. नेर्मिनने नवऱ्याकडे बघितलं. हसनभाईंच्या मिश्या हलायला लागल्या.

"आल्दक गित्ती!" ते ओरडले, आणि उठून त्यांनी मला मिठी मारली.

मला वाटलं, झालं, जमलं. पण एलिफ हसता हसता सोफ्यावर आडवी झाली होती. "बाबा, तुम्ही उलटं बोललात! तुमच्या एलिफसाठी आमचा अनिकेत, असं बोललात. यू गेव्ह हिम अवे! आणि डॅड म्हणाले, आम्ही घेतला, विषय संपला."

"इच ग्युवेय्सी!" नेर्मिन टाळ्या वाजवत म्हणाली.

"म्हणजे काय?" शैलाने विचारलं.

एलिफला इंग्रजी शब्द सापडेना. "बायकोच्या घरी राहायला जातो ना, तो नवरा..."

"घरजावई!" शैला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, एवढे महिनाभर पाठ करत होतात ते हे? मुलगा देऊन बसलात?"

"नो रिटर्न्स, मेट," हसनभाईंनी माझी पाठ थोपटली.

सगळे हसले. मीही हसलो. एक विभक्ती चुकली की काय होतं हे मी वर्गात कायम सांगायचो, पण उदाहरण म्हणून स्वतःचा मुलगा वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं. मग मी वाक्य पुन्हा म्हटलं, यावेळी बरोबर, इ जिथल्या तिथे, ए जिथल्या तिथे. हसनभाईंनी "वेर्दिक" म्हणजे दिली, असंही म्हटलं. दोघांना अंगठ्या घातल्या, त्या लाल फितीने जोडलेल्या होत्या, ती हसनभाईंनी कापली. पानांची सरमा फार सुंदर झाली होती. मी नको म्हणेपर्यंत खाल्ली, आणि मी नको म्हटल्यावर नेर्मिनने वाढलेलीही खाल्ली. याबाबतीत त्यांचं आणि आपलं अगदी एक.

पण जेवणानंतर शैला मागच्या ओट्यावर जाऊन बसली. मी गेलो. सूर्य मावळत होता, तांबडी माती आणखी तांबडी झाली होती.

"चुकून बोललात, पण खरं तेच आहे," ती म्हणाली. "दिलाच आपण. वरची खोली आता रंगवायला नको."

मी तिच्याजवळ बसलो.

मांडवाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवावरचा बेदाणा हलवून खाली पाडायचा होता. सगळे कामाला लागलो. अनिकेत वरच्या मजल्यावर जाळी झटकत होता. तासगावात असताना पाण्याचा ग्लास उचलून ठेवायचा नाही तो.

नेर्मिन त्याच्याकडे बघत एलिफला काहीतरी म्हणाली. त्यात एक शब्द माझ्या कानाला लागला. ओलुमुझ.

"आई काय म्हणाली?" मी एलिफला विचारलं.

"ओलुमुझ दमला असेल, खाली बोलव. अवर सन."

"आमचा की आपला?"

"सॉरी?"

मी बेदाण्याची पाटी खाली ठेवली. हा माझा आवडता धडा. "अगं, मराठीत दोन आहेत. मी तुझ्याशी बोलताना आमचं घर म्हटलं तर त्यात तू नाहीस. आपलं घर म्हटलं तर तूही आलीस. तुमच्या मुझमध्ये कोण कोण येतं?"

"मुझ म्हणजे मुझ. सगळे. ज्याला यायचं तो." ती थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "बाबा, पण तुम्ही मॉमला फोनवर नेहमी म्हणायचात, आमचा अनिकेत. मी तिला ट्रान्स्लेट करायची, ओलुमुझ. ती खूष व्हायची. म्हणायची, बघ, ते मलाही त्यात घेतात." तिने माझ्याकडे बघितलं. "यू डिडन्ट, डिड यू?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. माझी अशी कुणी पकडली नव्हती, आणि ती चूकही नव्हती, व्याकरणाच्या दृष्टीने अगदी शुद्ध वाक्य होतं. तेच तर वाईट होतं.

"आम्ही आपले... सवयीने," मी म्हणालो.

"बघा," शैला पलीकडून म्हणाली, "पोरीने बरोबर ओळखलं."

एलिफने ते आईला सांगितलं की नाही मला माहीत नाही. सांगितलं असावं, कारण दुपारी नेर्मिन शैलाच्या मागे मागे फिरत काहीतरी पुटपुटत होती, आणि शैला मान हलवत होती. मी गेलो की दोघी गप्प.

निघताना

निघायची वेळ झाली. गाडीत बेदाण्याच्या पिशव्या, सरमाचा डबा, आणि माझ्या अंगात हसनभाईंनी दिलेला आणखी एक शर्ट. यावर खेकडा होता. तासगावच्या माणसाला ऑस्ट्रेलियातून बेदाणा नेताना काय वाटतं ते मी सांगत नाही, पण घेतला.

हसनभाईंनी मिठी मारली. मग नेर्मिन पुढे आली. तिने अनिकेतचा चेहरा दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे वळली, आणि श्वास घेऊन, वर्गात कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी एकेक अक्षर तोलत म्हणाली:

"आमचा अनिकेत. नो वरीज. आमचा."

तिने पाठ केलं होतं. माझ्याकडूनच, फोनवर इतके महिने ऐकून. तिच्या तोंडी ते शब्द आले आणि मला पहिल्यांदा कळलं की ते दुसऱ्या बाजूने कसे ऐकू येतात. त्यात मी नव्हतो. शैला नव्हती. माझा मुलगा फाटकाच्या आत उभा होता आणि मी बाहेर.

शैलाने माझा दंड दाबला. तिला माहीत होतं मी आता तोंड उघडणार. चूक दिसली आणि मी गप्प बसलो असं कधी झालेलं नाही.

"आमचा नाही हो, विहीणबाई," मी म्हणालो. "आपला. आपला अनिकेत म्हणायचं."

एलिफने भाषांतर केलं नाही.

"आपला?" नेर्मिनने विचारलं. मग बोट आधी स्वतःकडे, मग हसनभाईंकडे, मग शैलाकडे, मग माझ्या खेकड्याकडे फिरवलं.

"आपला," मी म्हणालो.

तिने तो शब्द तोंडात घोळवला. पण तुर्की बाई ती, एका गाठीवर तिचं कुठे भागणार. तिने शेवटी स्वतःचा प्रत्यय लावला, स्वर जुळवून, नीट.

"आपलामझ," ती म्हणाली. "आपलामझ अनिकेत."

असं रूप मराठीत नाही, तुर्कीतही नाही. मी ते दुरुस्त केलं नाही.